पक्यास पत्र: फिल्म, व्हॉर्टेक्स आणि फिल्टर

पक्या,

परवा विचारलंस ना, सुपरकंडक्टरच्या त्या पातळ फिल्मवर (म्हणजे थरावर) तुम्ही फिजिक्सवाले लोक नक्की भांडता कशावरून? फोनवर सांगितलं तर तू पाच मिनिटांत जांभया देशील, म्हणून टाइप करतोय.

1911 मध्ये लायडनला ओनेसने पारा 4.2 केल्विनपर्यंत थंड केला आणि त्याचा रेझिस्टन्स गुल, म्हणजे तो सुपरकंडक्टर झाला, हे तुला माहितीये. आमची कटकट फिल्म काही नॅनोमीटरची झाली की सुरू होते. 1979 मध्ये चौघांनी (त्यात आपले टी. व्ही. रामकृष्णन) मांडलं होतं की अशा पातळ, आतून विस्कळीत पदार्थात थंड करत गेलं की शेवटी मेटल (थोडा रेझिस्टन्स ठेवून वीज वाहणारं) उरतच नाही. म्हणजे एकतर सुपरकंडक्टर नाहीतर इन्सुलेटर, मधलं काही नाही. आणि 1996 ला स्टॅनफर्डवाल्यांनी मॉलिब्डेनम-जर्मेनियमच्या फिल्मला मॅग्नेटिक फील्ड लावून थंड करत नेलं, रेझिस्टन्स धाडकन पडला आणि मग झीरोच्या आधीच थांबला, कितीही थंड करा, ग्राफ आडवाच, म्हणजे नको तेच मेटल! ते खरं की खोटं, यावरच भांडण.

आता खरी मजा. फील्डमुळे फिल्ममध्ये व्हॉर्टेक्स (करंटचे बारीक भोवरे) घुसतात, ते विरार लोकलच्या दारातल्या पब्लिकसारखे कुठेतरी अडकून उभे असतात, जराशा धक्क्यानेही हलतात आणि हलले की रेझिस्टन्स आलाच. हा धक्का तारांतून आत शिरणारा रेडिओ लहरींचा कचरा, म्हणजे नॉइजही देऊ शकतो. 2019 ला इंडियम ऑक्साइडच्या फिल्मवर हा कचरा अडवणारे फिल्टर नीट लावून मोजलं तर ते आडवं मेटल चक्क गायब झालं. त्याच सुमारास आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतही दिसलं की हे व्हॉर्टेक्स रेडिओ फ्रीक्वेन्सीला भयंकर हळवे असतात.

म्हणून माझं मत, आधी फिल्टर दाखवा मग मेटल म्हणा. पण सगळंच नॉइज म्हणून उडवून लावणारेही मला पटत नाहीत, कारण वायबीसीओ नावाच्या सुपरकंडक्टरच्या फिल्मला बारीक भोकं पाडून केलेल्या प्रयोगात रेझिस्टन्स फील्डबरोबर खालीवर होतो, आणि तोही एच भागिले टू ई या मापाने (एच म्हणजे प्लांकचा स्थिरांक, टू ई म्हणजे दोन इलेक्ट्रॉनांचा चार्ज), म्हणजे इलेक्ट्रॉन सुपरकंडक्टरमधल्यासारखे जोडीनेच फिरतायत. जोड्या शाबूत, तरी रेझिस्टन्स आहे, हे काय लफडं आहे ते मला अजून पचलेलं नाही.

बरं, लॅमिंग्टन रोडला जाशील तेव्हा फिल्टरसाठी थोडे कपॅसिटर आण ना, पण सी-झीरो-जी प्रकारचेच हां, एक्स-सेव्हन-आर प्रकारचे नको, थंडीत त्यांची कपॅसिटन्स पार गळते. पैसे जीपे करतो.

तुझा,
मन्या