विषय: ‘अनलिमिटेड’ होस्टिंगवरची वाचनालयाची साइट बंद केल्याबद्दल आणि आमचे फोटो घालवल्याबद्दल

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

नमस्कार,

चॅटवर बोलून झालं, तिकिटं टाकून झाली, प्रत्येक वेळी ‘युवर इश्यू हॅज बीन रिझॉल्व्ड’ असा मेल येतो आणि तिकीट बंद, म्हणून आता नीट सगळं लिहून पाठवतेय. कृपया यावेळी माणसाने वाचावं.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. फायनल इयरच्या पाच मुलांची टीम माझ्याकडे प्रोजेक्टला आहे आणि त्यांचा क्लायंट म्हणजे आमच्या तालुक्याचं ब वर्ग सार्वजनिक वाचनालय. त्यांना पुस्तकांची यादी ऑनलाइन हवी होती, मुखपृष्ठाच्या फोटोसकट, कारण वाचकांना पुस्तकाचं नाव आठवत नाही पण ‘ते निळ्या कव्हरचं’ एवढं आठवतं (हे ग्रंथपाल काकांचं म्हणणं, आणि खरंय). पुस्तकं साधारण सोळा हजार. अनुदान हप्त्याने येतं त्यामुळे पैसे मोजून मापून, म्हणूनच तुमचा प्लॅन घेतला, पेजवर मोठ्या अक्षरात अनलिमिटेड स्पेस, अनलिमिटेड फाइल्स. पैसे वाचनालयाने भरलेत, वर्षाचे, आगाऊ.

आता झालं काय. साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर बनवलीय, त्यात एक फोटो चढवला की तो आपोआप त्याच्या लहान-मोठ्या कॉप्या बनवतो, दीडशे पिक्सेलची, तीनशेची, अशा. मुलांनी जागा वाचावी म्हणून फोटो आधीच बारीक करून घेतले होते तरी मूळ धरून एकेका मुखपृष्ठाच्या सहाएक फायली होतात. सोळा हजार गुणिले सहा करा, वर वर्डप्रेसच्या आणि प्लगइनच्या (त्याला जोडलेल्या जादा सोयींच्या) स्वतःच्या फायली, लाखाच्या पुढे जाणारच. आणि तुमची आयनोडची, म्हणजे फायली-फोल्डर मिळून एकूण संख्येची, मर्यादा एक लाख! ही ओळ प्लॅनच्या पेजवर नाही, टर्म्सच्या पानात खूप खाली आहे आणि डॅशबोर्डवर तर डिस्क स्पेसच्या पुढे अनंताचं चिन्ह. लाख जवळ येतंय असा एक मेल तरी करायचा ना. डायरेक्ट अकाउंट सस्पेंड. तेही एक्स्टर्नल परीक्षक येण्याच्या आदल्या संध्याकाळी.

पण माझी खरी तक्रार यापुढची आहे. तुमच्याकडे एका अकाउंटला एकच लॉगिन, म्हणून ठरल्याप्रमाणे टीम लीडर मुलगीच चॅटवर बसली. तुमचा एजंट म्हणाला फायली कमी करा, लगेच चालू करतो. तिने विचारलं कुठल्या कमी करू, तर म्हणाला अपलोड्समधले जुन्या महिन्यांचे फोल्डर उडवा. तिने परत विचारलं, हे जाऊन चालेल का, तर उत्तर ‘डोन्ट वरी, वीकली बॅकअप इज देअर’. तिने उडवले, मुखपृष्ठांचे फोटो त्यातच होते. दुसऱ्या दिवशी बॅकअप मागितला तर म्हणे एक लाख आयनोडच्या वरच्या अकाउंटचा बॅकअप आम्ही घेतच नाही. म्हणजे ज्या कारणासाठी सस्पेंड केलं त्याच कारणाने बॅकअप नव्हता, आणि हे चॅटवरच्या माणसाला माहीत नसावं? पूर्ण चॅट जोडलाय.

डेटाबेस शाबूत आहे, म्हणजे नावं, लेखक, दाखल क्रमांक दिसतात आणि फोटोच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी. काही फोटो मुलांच्या फोनमध्ये सापडले. बाकीची पुस्तकं पुन्हा कपाटातून काढायची, आणि त्यात जुनी पुस्तकं अशी आहेत की हात लावला की पानाचा तुकडा पडतो, काकांनी एकदा कसंबसं होकार दिला होता, आता नको म्हणतात आणि मी त्यांना आग्रह करू शकत नाही.

टीमचं काय झालं ते पण सांगते, कारण तुमच्या फॉर्ममध्ये त्याचा रकाना नाही. ग्रुपवर दोन दिवस भांडणं, ‘तू डिलीट केलंस’, ‘आधी विचारायचं’, ती मुलगी लीडरपद सोडते म्हणाली. तिने दोनदा विचारून मगच केलंय, हे मी सगळ्यांसमोर चॅट वाचून दाखवलं तेव्हा कुठे शांत झाले. क्लायंटची बोलणी खायची, परीक्षकाला अर्धी साइट दाखवायची आणि वर एकमेकांवरचा विश्वास पण टिकवायचा, हे सगळं तुमच्या एका वाक्यामुळे.

तर मला हवंय ते असं. सर्व्हरवर कुठलीही जुनी कॉपी, स्नॅपशॉट काहीही असेल तर ते शोधून द्या, आणि नसेल तर ‘नाही’ असं लेखी द्या, म्हणजे आम्ही वाट बघणं सोडू. वाचनालयाचे वर्षाचे पूर्ण पैसे परत करा, उरलेल्या महिन्यांचे नाही, पूर्ण. आणि आयनोडची मर्यादा प्लॅनच्या पेजवर किमतीच्या शेजारी लिहा.

ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं, ते तुम्हाला माहीत असेलच. नाही झालं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन आणि मग ग्राहक आयोग, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तरतूद आहे, वाचनालयाच्या कार्यकारिणीने तसा ठराव पण केलाय.

उत्तर मला आणि ग्रंथपालांना दोघांना पाठवा. आणि कृपया त्या मुलीला ‘हाऊ वॉज युवर चॅट एक्सपीरियन्स’ असे मेल पाठवणं थांबवा.

— प्रोजेक्ट गाइड, वाचनालयाच्या वतीने