भूलशास्त्राचा रेसिडेंट जिल्ह्यात पाठवा, पण एकटा नको

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

भूलशास्त्राचा एमडी अभ्यासक्रम तीन वर्षांचा; तो करणारा डॉक्टर म्हणजे रेसिडेंट. थिसिस, आयसीयू, न्यूरो, लहान मुलांच्या शस्त्रक्रिया, सगळे त्यातच. शिवाय तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढायचे, असा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा नियम आहे. या डीआरपीला, म्हणजे जिल्हा रेसिडेन्सी कार्यक्रमाला, माझा विरोध नाही. आहे त्या साधनांत निभावून न्यायला कॉलेजच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरात) कोणी शिकत नाही.

प्रश्न सत्राचा आहे. तिसऱ्या सत्रातला रेसिडेंट म्हणजे जेमतेम वर्ष झालेला. मेडिसिनवाला अडला तर सरांना फोन लावून बहुतेक वेळा पेशंट तोवर सांभाळू शकतो. भूल देणाऱ्याला तेवढी सवड नसते. रात्री तातडीचे सिझर निघाले, स्पायनल (पाठीतून दिलेली भूल) लागली नाही, जनरल (पूर्ण बेशुद्ध करणारी) द्यावी लागली. गरोदर बाईचा घसा सुजलेला, पोट भरलेले. श्वासाची ट्यूब चुकून अन्ननलिकेत गेली तरी छाती हलल्यासारखी वाटते, सॅच्युरेशनही (रक्तातला ऑक्सिजन) लगेच पडत नाही. कॅप्नोग्राफवर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्रावर, लहर उमटत नाही, हीच वेळेवर मिळणारी भरवशाची खूण. तो कॅप्नोग्राफ त्या ओटीत चालू आहे का, हे रेसिडेंट पाठवण्याआधी कोण तपासते?

विषयातल्या तज्ज्ञाची देखरेख नियमाला अपेक्षित आहे. पण देखरेख म्हणजे ड्युटी चार्टवरचे नाव, की ओटीत हजर असलेला माणूस?

सत्र निवडायची मुभा नियमातच आहे. भूलशास्त्रापुरते राज्याने पाचवे सत्र ठरवून द्यावे आणि पूर्णवेळ भूलतज्ज्ञ नाही तिथे रेसिडेंट पाठवू नये. मग तिथली सिझर कोणी करायची, असे आपले अधिकारी विचारतील. रास्त आहे. पण त्यासाठी सरकारी कॉलेजातून एमडी झालेल्यांचा वर्षभराच्या सक्तीच्या सरकारी सेवेचा बाँड आहेच की! रिकाम्या पदांवर आधी त्यांना नेमा. शिकायला आलेल्या पोराला पद भरल्याचे दाखवायला वापरू नका.

आणखी एक. डीआरपी समाधानकारक पूर्ण झाल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. त्यामुळे तिथल्या गैरसोयीबद्दल तिथेच तोंड उघडायला कोण धजावणार? तक्रार थेट कॉलेजच्या विभागप्रमुखांकडे करता येईल आणि तिचे लेखी उत्तर मिळेल, एवढे परिपत्रक तरी काढावे.

आपला नम्र,
एक भूलतज्ज्ञ