‘चॅम्पियन’ किताबाच्या गुणपद्धतीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
श्वान प्रदर्शन आयोजन विभाग

विषय : सोलापूर येथील डॉग शोमधील चुकीची गुणपद्धती व एंट्री फी परत मिळण्याबाबत.

महोदय,

गेल्या महिन्यात आपल्या कंपनीने सोलापुरात भरवलेल्या डॉग शोसाठी १,५०० रुपये भरून मी आमच्या बिजलीची नोंदणी केली होती. बिजली कारवानी जातीची, तीन वर्षांची. मंगळवेढ्याकडे आमचं ज्वारीचं रान आहे, तिथं राखणीला असते. तिला घेऊन शोला यायचं कारण एकच, आपल्या जाहिरातीतलं वाक्य : ‘आंतरराष्ट्रीय पद्धतीने चॅम्पियन किताब’.

पहिली ठेच फॉर्मवरच लागली. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, पग, सगळ्यांना वेगवेगळे रकाने आणि आमची ‘इतर’मध्ये. सीमेपलीकडे कर्नाटकात हिलाच मुधोळ म्हणतात. २००५ साली टपाल खात्याने मुधोळचं तिकीट काढलं, पण आपल्या फॉर्मवर तिला जागा नाही. बरं, तेही सोडून दिलं.

रिंगमध्ये ‘इतर’चे तीन कुत्रे होते : बिजली, अक्कलकोटहून आलेली आणखी एक कारवानी आणि एक राजपालयम. जजसाहेबांनी बिजलीच्या पाठीवरून दोन बोटं फिरवली आणि म्हणाले, “फासळ्या दिसतायत, जरा खायला घाला.” धावणाऱ्या जातीच्या कुत्र्याच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसणारच. घरी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “घालते की दोन भाकरी जास्त. मग सशामागं धावणार कोण, तो जज?” तरीही पहिला नंबर बिजलीचाच आला, त्यामुळे जजसाहेबांबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. आपल्या नियमानुसार जितके कुत्रे हरवले तितके गुण, आणि १५ गुण झाले की चॅम्पियन. बिजलीने दोन हरवले, दोन गुण. त्याच दिवशी १८ लॅब्रॅडॉर होते. त्यातल्या विजेत्याला १७ गुण मिळाले आणि संध्याकाळच्या आत त्याच्या गळ्यात किताबाचा पट्टा पडला. कुत्रा देखणा होता, मालकाचं अभिनंदनही केलं. पण बिजलीने याच हिशोबाने चॅम्पियन व्हायचं म्हटलं तर तिला आठ शो जिंकावे लागतील. म्हणजे नुसत्या फीचेच १२,००० रुपये, गाडीभाडं वेगळं. ही स्पर्धा कुत्र्यांची आहे की जातीच्या खपाची?

काउंटरवर विचारलं तर उत्तर आलं, “अमेरिकेत असंच असतं.” तसं नसतं. १५ चा आकडा तेवढा तिथला उचललात. अमेरिकन केनेल क्लबच्या एका शोमध्ये ५ पेक्षा जास्त गुण मिळत नाहीत. त्या १५ गुणांत दोन विजय ३ ते ५ गुणांचे, तेही दोन वेगळ्या जजांकडून लागतात आणि बाकीच्यातले काही गुण तिसऱ्या जजकडून. शिवाय किती कुत्र्यांना किती गुण याचा तक्ता प्रत्येक जातीचा, नर-मादीचा आणि विभागाचा वेगळा असतो, दरवर्षी बदलतो. ज्या जातीचे कुत्रे शोला थोडेच येतात, तिथे थोडे हरवूनही मोठे गुण मिळतात. ब्रिटनमध्ये तर गुणच मोजत नाहीत. तीन वेगळ्या जजांकडून तीन चॅलेंज सर्टिफिकेटं लागतात आणि लायक कुत्रा दिसला नाही तर जज ते रोखूही शकतो. एफसीआय या जागतिक श्वान संघटनेच्या आंतरराष्ट्रीय किताबाला पहिल्या आणि शेवटच्या प्रमाणपत्रात एक वर्ष आणि एक दिवसाचं अंतर लागतं. आपल्याकडे दुपारी एक जज आणि संध्याकाळी चॅम्पियन!

तिथेही सगळं आलबेल आहे असं नाही. ब्रिटनमध्ये कमी संख्येच्या जातींच्या वाट्याला सर्टिफिकेटंही कमी येतात, त्यावरून कुरकुर असतेच. आणि तीन कुत्र्यांत पहिली आली म्हणून बिजलीला लगेच चॅम्पियन करा, असंही मी म्हणत नाही. तसला किताब घेऊन गावात कोणत्या तोंडाने फिरू? पण तक्ता जातीप्रमाणे असावा आणि किताबासाठी किमान तीन जजांची मोहर असावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

तरी (१) माझी १,५०० रुपये फी परत करावी, (२) जाहिरातीतून ‘आंतरराष्ट्रीय पद्धतीने’ हे शब्द काढावेत किंवा ती पद्धत खरोखर लागू करावी, (३) पुढच्या फॉर्मवर कारवानी आणि राजपालयम यांना स्वतंत्र रकाने द्यावेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं लागेल.

पावतीची झेरॉक्स, जाहिरातीचं पत्रक आणि जजसाहेबांच्या शेऱ्याचा कागद सोबत जोडला आहे. त्यावर बिजलीची जात ‘इतर’ आणि रंग ‘पांढरा’ लिहिलाय. ती बदामी आहे.

आपला,
बिजलीचा मालक
सोलापूर