सील न फोडण्याचा सल्ला महागात पडतो

महोदय,

जुन्या प्लॅस्टिक मॉडेल किट्सच्या (सुटे भाग जोडून छोट्या मोटारी-विमानं बनवायच्या संचांच्या) संग्रहावरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडला. फक्त ‘सील फोडू नका, किंमत उतरते’ हा त्यातला सल्ला पटला नाही. मी तो बारा वर्षं इमानाने पाळला आणि पस्तावलो.

माझ्याकडे एका मोटारीचं किट होतं, वरचं पारदर्शक वेष्टन शाबूत. पण हे वेष्टन वर्षानुवर्षं आवळत जातं. खोकं मधोमध वाकू लागलं तेव्हा जीव मुठीत धरून ब्लेड फिरवलं. आत एक टायर पुढच्या काचेवर पडून होता. उचलायला गेलो तर काचही त्याला चिकटून वर आली. सोडवली, तर काचेत टायरच्या नक्षीसकट खळगा! टायरचं व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं प्लास्टिसायझर हळूहळू झिरपतं आणि काच ज्याची असते त्या पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकला लागलं की ते विरघळवतं. टायर वेळीच काढून वेगळ्या पिशवीत ठेवले असते तर काच वाचली असती. डिकलही (मॉडेलवर चिकटवायची छापील चित्रं-आकडे) पिवळी पडली होती. ती मात्र पिशवीत घालून खिडकीच्या तावदानाला उन्हात चिकटवली आणि बरीचशी उजळली.

‘दुर्मीळ’ हा शब्दही जरा जपूनच वापरावा. किट संपतं, पण पोलादी साचा टिकतो आणि नव्या खोक्यातून तोच माल पुन्हा येतो. फ्रॉग या ब्रिटिश किट कंपनीचे बरेचसे साचे १९७०च्या दशकात सोव्हिएत रशियात गेले आणि तीच विमानं ‘नोवो’ नावाने बाजारात आली. (जर्मन-जपानी विमानांचे साचे तेवढे रशियनांनी घेतले नाहीत!) म्हणजे बऱ्याचदा जुनं असतं ते खोकं आणि जोडणीचा कागद. ते जपा की, कोण नको म्हणतंय? पण एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचं १९५२ सालचं ‘गोल्डन हाइंड’ जहाज साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर कागदी पट्टी लावून विकलं जायचं. ती पिशवी फोडण्यासाठीच होती.

माझी मोटार मी आता जोडायला घेतली आहे. काच नवी कापून बसवायची, की काचच नसलेली शर्यतीची गाडी करायची, एवढंच ठरायचं आहे.

आपला,
एक जुना संग्राहक