रेक्याविकच्या नळातलं गरम पाणी

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

आइसलंडमध्ये जमिनीतून निघालेलं गरम पाणी सरळ घराच्या नळाला जोडतात का, असं तू विचारलंस. काही ठिकाणी जोडतात, काही ठिकाणी चुकूनही नाही. तिथली दहातली नऊ घरं भूगर्भातल्या उष्णतेवर ऊबदार राहतात. विजेत मात्र तिचा वाटा तीस टक्क्यांच्या आसपास, बाकी वीज धरणांची. सगळे कौतुक टर्बाइनचं करतात. मला विचारशील तर डोकं लागलंय ते पाइपात आणि पाण्याच्या रसायनात.

आधी सोपं पाणी. १९३० साली रेक्याविकमधल्या (आइसलंडची राजधानी) लाउगारदालूर भागातल्या बोअरचं, सेकंदाला सुमारे १४ लिटर आणि ८७ अंशांचं पाणी तीन किलोमीटर पाइपातून नेऊन एक शाळा, पोहण्याचा तलाव आणि काही घरं गरम केली. असल्या कमी तापमानाच्या क्षेत्रातलं पाणी अल्कधर्मी असतं, क्षार कमी, ऑक्सिजन जवळजवळ शून्य. त्यात किंचित हायड्रोजन सल्फाइड असतो. वाटेत थोडा ऑक्सिजन शिरलाच तर तो सल्फाइड त्याला संपवतो, म्हणून पोलादी पाइप गंजत नाहीत. बदल्यात अंघोळीला कुजक्या अंड्याचा वास आणि चांदी काळी. हे पाणी थेट रेडिएटरमध्ये, म्हणजे खोली ऊबदार ठेवणाऱ्या गरम पाण्याच्या पॅनलमध्ये जातं.

ज्वालामुखी क्षेत्रातलं पाणी वेगळं. नेस्यावेत्लिर या रेक्याविकला गरम पाणी पुरवणाऱ्या भूऔष्णिक केंद्राच्या बोअरमध्ये तापमान ३०० अंशांच्या वर जातं, तेवढ्या उष्णतेत खडकातली सिलिका भरपूर विरघळते. पाणी निवलं की तीच पाइपात थर धरते, आपल्या गिझरच्या कॉइलवर क्षार चढतात तशी, फक्त कितीतरी टणक. म्हणून सेपरेटरमध्ये वाफ आणि पाणी वेगळं करतात. वाफ टर्बाइनला जाते (इथली वीज १२० मेगावॅट). मग भूजलाचं चार-पाच अंशांचं गोडं पाणी आधी कंडेन्सरमधून (टर्बाइनमधून आलेली वाफ थंड होते तिथून) आणि नंतर सेपरेटरच्या पाण्यावर चालणाऱ्या हीट एक्स्चेंजरमधून (पाणी न मिसळता उष्णता देणारं यंत्र) फिरवून ८० अंशांच्या पुढे तापवतात. शहराला मिळतं ते हे तापवलेलं भूजल, बोअरचं नव्हे.

पण गोड्या पाण्यात ऑक्सिजन विरघळलेला असतो आणि तापवल्यावर तो पोलाद झपाट्यानं खातो. त्यामुळे कमी दाबाखाली उकळवून तो काढतात, उरलासुरला मारायला भूऔष्णिक वाफ अगदी थोडी सोडतात. तिच्यातला सल्फाइड ते काम करतो.

सगळ्यात फसवी अडचण पुढे आहे. तापवलेल्या भूजलात मॅग्नेशियम असतं, जुन्या बोअरच्या पाण्यात सिलिका आणि अल्कधर्मीपणा. दोन्ही एकत्र आली की मॅग्नेशियम सिलिकेट साचून व्हॉल्व्ह आणि मीटर तुंबतात. नेस्यावेत्लिरचं पाणी १९९० मध्ये शहरात आलं तेव्हा हे घडलं. तेव्हापासून दोन्ही पाणी वेगळ्या भागांना देतात. दोन्ही स्वच्छ, दोन्ही गरम, तरी एका पाइपात नांदत नाहीत.

शहरापर्यंतची मुख्य लाइन २७ किलोमीटर. पोलादी पाइप, भोवती रॉकवूल (उष्णता अडवणारे दगडी तंतू), वरून अॅल्युमिनियमचा पत्रा. आधी पाणी डोंगरावरच्या टाकीत चढवतात, पुढे ते उतारानंच जातं आणि एवढ्या वाटेत जेमतेम दोन अंश गमावतं. घरात रेडिएटरमधून बाहेर पडताना ते ३०-३५ अंशांचं असतं. तेही वाया घालवत नाहीत, फुटपाथखालच्या पाइपांतून सोडतात, बर्फ वितळतो. एक धोका मात्र आहे: थंड पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह नसेल तर नळाला भाजेल असं पाणी येतं.

निव्वळ वीज काढली तर उष्णतेचा फार थोडा भाग हाती लागतो, म्हणून वीज आणि गरम पाणी एकत्र. हेत्लिसहेदी तिथलं सगळ्यात मोठं केंद्र, ३०३ मेगावॅट. वापरलेलं पाणी परत जमिनीत सोडायचं तर तेही जपून: २०११ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे त्यामुळे चारच्या आसपास तीव्रतेचे दोन भूकंप झाले. वाफेबरोबर वर आलेला कार्बन डायऑक्साइड आणि सल्फाइड पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडतात, तिथे त्यांची खनिजं होतात. चाचणीत ९५ टक्क्यांहून जास्त कार्बन दोन वर्षांच्या आत दगड झाला. एक टन कार्बन डायऑक्साइडमागे साधारण २५ टन पाणी मात्र लागतं.

आणि या सगळ्याची नस कुठे, ते ८ फेब्रुवारी २०२४ ला दिसलं. स्वार्त्सेंगी या दुसऱ्या भूऔष्णिक केंद्राजवळच्या ज्वालामुखी उद्रेकाचा लाव्हा मुख्य गरम पाण्याच्या पाइपवर आला आणि सुदूर्नेस या नैर्ऋत्येच्या भागातली वीस हजारांहून जास्त माणसं ऐन थंडीत गारठली. घाईनं जोडलेली, जमिनीत पुरलेली पर्यायी लाइनही लाव्हाखाली फुटली. वीज होती, पण तिथली वितरण व्यवस्था घरं तापवण्यासाठी आखलेलीच नव्हती, त्यामुळे हीटर बेतानं लावा असं लोकांना सांगावं लागलं. नवा तुकडा टाकून पाणी परत यायला चार-पाच दिवस गेले. भारही एकदम टाकला नाही, दाब हळूहळू वाढवत नेला.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नंदू