चार नॅरोगेज पॉइंट बदलून मिळण्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : फ्रॉगची तार न जोडलेले पॉइंट

महोदय / महोदया,

मी पुण्यात घरच्या एका खोलीत नेरळ–माथेरान गाडीचा छोट्या प्रतिकृतीतला लेआउट बांधत आहे. दोन रुळांमधले अंतर ९ मिमी, प्रमाण १:७६. मूळची दोन फुटी लाइन या प्रमाणात ८ मिमी भरते, म्हणून बाजारात मिळणाऱ्यांपैकी हा गेज मला जवळचा वाटला. आपल्याकडून सहा पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे) घेतले : चार नेरळच्या यार्डासाठी, दोन जुम्मापट्टीच्या क्रॉसिंगसाठी.

पाकिटावर 'लाइव्ह फ्रॉग' असे छापले आहे. म्हणजे फ्रॉग (सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा) धातूचा, बाजूच्या रुळांपासून तोडलेला, आणि खालच्या तारेतून त्याला वीज द्यायची. सांधा वळला की तो वळवणाऱ्या मोटरचा स्विच त्या तारेची बाजू बदलतो. मी त्याप्रमाणे सहा मोटरी बसवल्या, फ्रॉगच्या हिरव्या वायरी प्लायवुडखालून नेल्या, फीडर (रुळांना वीज देणाऱ्या तारा) सोल्डर केले आणि मग खडी चिकटवली. तरी चार पॉइंटवर इंजिन थांबते. बोटाने ढकलले की पुढे जाते.

माझे इंजिन सहा चाकांचे, आखूड टँक इंजिन आहे. माथेरानला ऑरेनस्टाइन अँड कॉपेलची जी वाफेची इंजिने धावली, तशाच बांध्याचे. त्याच्या एका बाजूची दोन चाके फ्रॉगवर आली आणि तिसरे किंचित उचलले गेले, की वीज संपलीच. लांब ब्रॉडगेज इंजिन असते तर ही खोट कदाचित लपून राहिली असती.

आपल्या प्रतिनिधीने 'चाके साफ करा' असे सांगितले. चाके आणि रूळ दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, फरक पडला नाही. मग मल्टिमीटर लावला. दोन पॉइंटवर तार आणि फ्रॉग यांच्यात बीप वाजला, चारवर नाही. त्यातला एक खडी खरवडून उपटला आणि उलटा केला. तारेचे टोक स्लीपरच्या खाचेत नुसते खोचलेले होते. टोक कोरे, चकचकीत. फ्रॉगच्या पोटाशीही सोल्डरचा ठिपका नाही. बसवण्याआधी मीटर लावायला हवा होता, हे मला मान्य आहे. पण कारखान्यातला जोड ग्राहकाने तपासायचा, हे मला पटत नाही.

हा लेआउट मी वडिलांसाठी करतो आहे. नेरळहून वर जाताना त्यांचा डोळा खिडकीबाहेर नसायचा, सांधेवाल्याच्या हाताकडे असायचा. आता सांधा वळतो आणि गाडी तिथेच अडते, हे त्यांना दाखवायला जीव होत नाही.

चारही पॉइंट मीटरने तपासून बदलून द्यावेत, जाण्यायेण्याचा कुरिअर खर्च आपण सोसावा, आणि त्याच खेपेतला उरलेला माल विकण्यापूर्वी तपासावा. सदोष पॉइंट परत पाठवायला मी तयार आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवेन.

आपला ग्राहक

सोबत : पावतीची प्रत, उलट्या पॉइंटची तीन छायाचित्रे