हॅमरच्या पँटवरून लोकांची मापं काढू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार (रागात असलो तरी).

आपल्या रविवारच्या पुरवणीतला एमसी हॅमर ह्या अमेरिकन रॅपरवरचा लेख काल वाचला. हेडिंग काय तर 'करोडपती ते कंगाल', बाजूला त्या फुगीर पँटमधला फोटो, आणि शेवटी चौकटीत हिशोब की ह्याने दरमहा थोडी थोडी एसआयपी केली असती तर आज किती झाले असते. अहो माणसाचं आयुष्य आहे की म्युच्युअल फंडाची जाहिरात? खाली 'गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन आहे' एवढं छापायचं तेवढं राहिलं.

आधी लेखातल्या चुकीबद्दल बोलतो. लेखकमहाशयांनी आपल्याकडच्या रॅपर बाबा सेहगलचं 'ठंडा ठंडा पानी' हॅमरवरून उचललेलं होतं असं बिनधास्त ठोकून दिलंय. ते व्हॅनिला आइस ह्या दुसऱ्या अमेरिकन रॅपरच्या 'आइस आइस बेबी'वरून होतं हो. १९९२ साली ज्याच्या घरी केबल होती अशा कुठल्याही माणसाला विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आणि गंमत म्हणजे हा व्हॅनिला आइस आधी हॅमरच्याच शोमध्ये सुरुवातीला गायचा आणि नंतर नोव्हेंबर १९९० मध्ये त्यानेच हॅमरचा अल्बम एक नंबरवरून खाली खेचला, म्हणजे खरा मसाला इथे होता, तो सोडून तुम्ही एसआयपी घेऊन बसलात.

आता मूळ दुखणं. तुमच्या लेखात शर्यतीचे घोडे आहेत, कॅलिफोर्नियात फ्रेमाँटच्या टेकडीवरचा बंगला आहे, कर्जाचा आकडा आहे, सगळं आहे आणि खरंही आहे, १९९६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा कर्ज १ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास होतं हे जगाला माहितीय. पण ज्या २०० लोकांना तो पगार देत होता त्यांच्यावर अर्धी ओळ, आणि ती पण 'चमच्यांचा ताफा' अशी! हा माणूस ओकलंडच्या गरीब वस्तीतला. लहानपणी तिथल्या बेसबॉल स्टेडियमच्या पार्किंगमध्ये नाचायचा, ते बघून टीमच्या मालकाने त्याला आत पोऱ्याचं काम दिलं. नंतर तीन वर्षं नेव्हीत होता. पहिली रेकॉर्ड काढायला त्याच टीमच्या दोन खेळाडूंनी प्रत्येकी २० हजार डॉलर दिले आणि ह्याने ती रेकॉर्ड गाडीच्या डिकीत टाकून विकली. आता असा माणूस वर गेल्यावर आपल्या गल्लीतल्या पोरांना बरोबर नेणार नाही तर काय करणार? त्यातले फुकटे असतीलच, नाही कोण म्हणतंय. पण डान्सर होते, वाजवणारे होते, लाइटवाले होते. त्याचा शो बघितलाय का कधी लेखकाने? स्टेजवर वरात असायची अक्षरशः. ते लोक काय हवा खाऊन नाचणार?

आणि उधळपट्टीनेच बुडाला हे पण अर्धवटच. १९९० चा तो अल्बम अमेरिकेत २१ आठवडे एक नंबरला होता, एक कोटी खपलेला तो पहिला रॅप अल्बम. त्यानंतर पेप्सी झालं, केएफसी झालं, त्याच्या नावाची बाहुली निघाली, शनिवारी सकाळी पोरांसाठी कार्टून आलं, आणि तिथेच घोळ झाला. रॅपवाल्यांच्यात हा एकदम पोरकट ठरला. एलएल कूल जे वगैरे मंडळी तर गाण्यातूनच टोमणे मारत होती. मग १९९२ च्या शेवटी डॉक्टर ड्रे ह्या रॅपरचा 'द क्रॉनिक' अल्बम आला, सगळ्यांना गँगवाले, बंदुका, शिव्या पाहिजे झाल्या, आणि नाचणारा, दारूगांजाच्या वाटेला न जाणारा, चर्चला जाणारा हॅमर एका वर्षात जुना झाला. १९९४ ला त्याने पण गुंडासारखा चेहरा करून बघितला, लोकांना पटलं नाही. थोडे दिवस डेथ रो ह्या गँगवाल्या रॅपच्या रेकॉर्ड कंपनीत पण जाऊन आला, तिथला अल्बम बाहेरच आला नाही. म्हणजे फॅशन बदलली हो. खर्च आधीचाच राहिला आणि आवक आटली. ह्याला बुडणं म्हणा, पण 'अक्कल नव्हती' म्हणू नका.

मी एवढा का चिडलोय ते सांगतो. तुमचा लेख रविवारी सकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर आला. टाकला आमच्या मामाने. खाली आमच्या दादाचं नाव टॅग करून लिहिलं, 'वाच. उशीर झालाय, पण वाच.' त्यावर हसण्याचे इमोजी, एका मावशीने हात जोडले, कोणाच्या तरी पोराने 'मामा रॉक्स' लिहिलं. दादाने नुसता अंगठा टाकला.

दादाचा १९९१ ते ९५ डोंबिवलीत डान्स ग्रुप होता. गणपती, नवरात्र, पूजेचे कार्यक्रम, पार बदलापूर-टिटवाळ्यापर्यंत सुपाऱ्या असायच्या. हॅमरचं गाणं हा शेवटचा आयटम, त्याच्याशिवाय पब्लिक सोडायचंच नाही. ती पँट शिवायला स्टेशनजवळच्या टेलरकडे गेलो होतो तेव्हा तो माप घ्यायला दादाच्या गुडघ्यापाशी बसला आणि म्हणाला, आसन इथे आणू? इथे? अजून खाली? अहो मग हा परकरच शिवू ना सरळ! अस्तराचं सॅटिन घेतलं होतं, चकचकीत जांभळं, त्याला इस्त्री लागली की चिकटायचं, त्यामुळे वहिनी (तेव्हा वहिनी नव्हती, ग्रुपमध्ये होती) ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवायची आणि वास सगळ्या चाळीत.

तर मुद्दा असा की दादा सुपारीतले पैसे पोरांना त्याच रात्री वाटायचा. टेम्पोतून परत येताना, हातात. एकाच्या दहावीच्या फॉर्मचे पैसे ह्यानेच भरले, एकाच्या वडिलांची कंपनी बंद पडलेली तर त्यांच्याकडे महिन्याचं रेशन ह्याच्याकडून. मग पतपेढीचं कर्ज काढून लाइट आणि स्पीकर घेतले, आणि त्याच वर्षी एका मोठ्या मंडळाने अर्धे पैसे अडकवले. अध्यक्ष रोज म्हणायचे, देतो ना, विसर्जन होऊ दे. विसर्जन झालं, दसरा झाला, दिवाळी झाली, अध्यक्षांचा मजला चढला, पैसे काही आले नाहीत. पुढच्या वर्षी तर मंडळाने सरळ मोठमोठे स्पीकर लावून कॅसेटवरच भागवलं, नाचायला कोणी नकोच. हप्ते थांबले आणि आईच्या नावावरचा बदलापूरचा प्लॉट विकावा लागला. तो प्लॉट मामाने शोधून दिलेला, त्यामुळे तीस वर्षं हे ऐकतोय आम्ही. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला. 'नाचायच्या नादात प्लॉट घालवला.' त्या अध्यक्षाबद्दल मामा आजवर एक शब्द बोललेला नाही, उलट निवडणुकीला त्याच्या प्रचारात फिरला. आणि आता तर तुमच्या पेपरने त्याला छापील पुरावाच दिला.

बरं, तुमच्या लेखात हॅमर १९९६ ला संपतो. तो काय तिथे मेला नव्हता. धर्मोपदेशक झाला, लोकांची लग्नं लावली. सिलिकॉन व्हॅलीत जाऊन नाचाच्या व्हिडिओंची वेबसाइट काढली. २००५ साली एका विमा कंपनीच्या जाहिरातीत स्वतःच्याच दिवाळखोरीची टर उडवून घेतली, म्हणजे बघा, तुम्ही जो विनोद आत्ता करताय तो त्याने स्वतः वीस वर्षांपूर्वी पैसे घेऊन करून झालाय. २०१२ ला अमेरिकन म्युझिक अवॉर्डला त्या 'गंगनम स्टाइल'वाल्या कोरियन गायक साय ह्याच्याबरोबर स्टेजवर उतरला आणि पन्नाशीत तोच नाच नाचला. १९८५ ला लग्न केलेली बायको तीच आहे. ह्यातलं एक वाक्य टाकायला जागा नव्हती? चौकटीला जागा होती.

आणखी एक, हॅमरचं ते 'यू कान्ट टच धिस', म्हणजे 'माझ्या वाटेला जाऊ नका'वालं गाणं ज्याच्या गाण्याच्या चालीवर आहे त्या गायक रिक जेम्सचं नावच नाही लेखात. त्याने कोर्टाची वाट धरल्यावर त्याला गीतकार म्हणून हिस्सा मिळाला आणि त्या गाण्याचं गीतकारांचं ग्रॅमी हॅमर, जेम्स आणि सहगीतकार अलोन्झो मिलर अशा तिघांना विभागून गेलं. पैशाचे धडेच द्यायचे होते तर हा धडा जास्त कामाचा होता, आपलं देणं कोर्टात जाऊन वसूल करा म्हणून. दादाला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तरी व्हॅनिला आइसबद्दलची दुरुस्ती छापावी, ती पण पहिल्या पानावर खाली मुंगीच्या अक्षरात नको, पुरवणीतच, फोटोसकट. मी ती फॅमिली ग्रुपवर टाकणार आहे. माझं मागचं पत्र (फलाट क्रमांक पाचवरच्या सरकत्या जिन्याबद्दल) तुम्ही तीन ओळींचं केलंत आणि त्यात जिनाच गाळलात, तसं ह्याचं करू नये. आणि शनिवारच्या शब्दकोड्यात उभे ७ ला पाच घरं आहेत, उत्तर चार अक्षरी दिलंय. कोणी तपासतं का तुमच्याकडे काही?

कळावे.
आपला (अजून तरी) वाचक,
डोंबिवली पूर्व